आण्णाकडचं पाणी

दळण घेऊन गेलेल्या माणसाला गिरण-काकी आधी 'या' म्हणत नसत. चाळीसएक किलोमीटरवरच्या पाण्याची बातमी देत. मी गव्हाचा डबा खाली ठेवतोय तोवर त्यांचं सुरू होई, "अकौंटंट, आण्णाकडं पाणी पायरीला लागलंय." गहू बारीक दळायचा की जाड, हा प्रश्न त्यानंतर. पावसाळ्यात नवा भाडेकरू गल्लीत आला तर गोंधळून जाई. त्याला वाटे, आण्णा म्हणजे काकींचा भाऊ असावा, आणि त्याच्या घरात पाणी शिरलं असावं.

आण्णाला काकींनी कधी पाहिलंही नव्हतं. 'काठावरून' नावाची एक वेबसाइट होती. कोल्हापूरचाच कुणी मुलगा पुण्यात नोकरी करता करता ती चालवत असे. रूप अगदी साधं. पांढरं पान, काळी अक्षरं. नदीकाठच्या गावांतले लोक आपापल्या खुणा बघून लिहीत: पाणी बंधाऱ्याच्या वर गेलं, देवळाच्या दुसऱ्या पायरीला लागलं, स्मशानाचा रस्ता बंद. नाव, गाव, मजकूर, वेळ. बस्स. भोगावतीकाठच्या एका गावातून 'आण्णा बंधारा' या नावाने एक माणूस पावसाळाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ लिहायचा. काकी त्याचं वाचायच्या, आणि एका बोटाने टिपत टिपत खाली उत्तर द्यायच्या. "बरं. जेवलासा का?" किंवा "म्हस व्याली का?" पूररेषेची चर्चा चाललेल्या पानावर आण्णाच्या म्हशीचं बाळंतपणही चाललेलं असे. कुणाची हरकत नव्हती.

आमची गल्ली नदीकडच्या उताराला आहे. नदी समोरून यायच्या आधी मागच्या नाल्यातून पाणी उलटं चढतं. महापालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत फिरते ते समोरच्या नदीचं. आमच्याकडे त्याआधीच मागच्या दाराला पाणी आलेलं असतं. त्यामुळे गल्लीने आपला हिशेब आण्णाकडच्या पाण्यावर बसवला होता. त्याच्याकडे पाणी रस्त्यावर आलं की आमच्या हातात जेमतेम एक दिवस. पण तो हिशेब सुरू व्हायचा तो आण्णाच्या लिहिण्यावरून नव्हे, न लिहिण्यावरून. रस्त्यावर पाणी आलं की आण्णा म्हशी हलवायला जाई, आणि त्याचं लिहिणं थांबे. संध्याकाळची ओळ आली नाही की काकी गिरणीच्या दारात येऊन मोठ्याने सांगत, "आण्णा गप झाला ओ! आवरा!" आणि गल्ली आवरायला लागे. आम्ही फ्रीज विटांवर चढवायचो, गाद्या वर, कागदपत्रं पिशवीत. मी आकड्यांतला माणूस आहे, एका दूध संस्थेचे हिशेब लिहितो. सरकारी आकडे मी रोज बघतो. पण पुराच्या बाबतीत आण्णाच्या गप्प बसण्याइतका भरवशाचा आकडा मला दुसरीकडे कधी मिळाला नाही.

काकींना हे सगळं एवढं का लागत असे, ते गिरणीच्या मागच्या खोलीत गेल्यावर कळायचं. तिथे लोखंडी कॉटवर काका पडून असत. फौंड्रीत साचे करणारे मोल्डर होते. अंगाने भक्कम, खांदे दाराएवढे. एका सकाळी आंघोळीला उठले आणि डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणंही निम्मं गेलं. वरचा मजला दुसऱ्याच्या मालकीचा, आणि त्याचा जिना एवढा अरुंद की पोतंसुद्धा आडवं जात नाही. काकांना हलवायचं म्हणजे चार गडी, गल्ली कोरडी आणि वर चढावरच्या मंगल कार्यालयात जागा, हे तिन्ही एकाच वेळी मिळायला हवं. काकी म्हणायच्या, "तुमचं काय ओ, तुम्ही लेंगा वर करून पळशीला. मला ह्यो डोंगर उचलून न्यायचा हाय." काका आतून उजव्या हाताने कॉटचा गज वाजवत. ते त्यांचं हसणं होतं.

काकांचं हे पडून असणं त्यांनी आण्णालाही लिहून कळवलं होतं. 'काठावरून'वर काकींचा जीव होता. गिरणीवर आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ती साइट त्यांनी हट्टाने उघडून दिली होती. दळण तयार असलं तरी आधी फोन मागायच्या. "दावा बगू. नीट काढून देतो. पीठ कुठं पळून जातंय व्हय?" बबन रिक्षावाल्याने एकदा चेष्टा केली, "काकी, कंपनी कमिशन देती काय तुमास्नी?" काकी म्हणाल्या, "देती की. दर साली माझा नवरा कोरडा देती."

मग त्या उन्हाळ्यात साइट बदलली. एके दिवशी पान उघडलं तर सगळं निळं. वर नवं नाव, इंग्रजी, गल्लीत कुणालाच एकसारखं उच्चारता आलं नाही. त्या मुलाने साइट कुठल्याशा कंपनीला दिली होती. "आम्ही येतोय नव्या रूपात!" अशी पाटी, तिच्याखाली होडीत बसून हसणारं एक कुटुंब. काकी शेवटपर्यंत त्याला 'ते निळं' म्हणायच्या.

सुरुवातीला त्यांनी निळ्याची बाजूच घेतली. बबन कुरकुरला तर त्यालाच दटावलं. "नव्या घराला आठ दिस रंगाचा वास येतुयाच. दम धर की." स्वतः बसून सगळं नव्याने शिकल्या. पासवर्ड काढला. फोटो टाकायला सांगितला म्हणून पदर नीट करून फोटो काढून घेतला. निळ्यावर आता नदीकाठच्या रिसॉर्टांच्या जाहिराती होत्या, सणांच्या शुभेच्छा होत्या, नदीसोबतच्या सेल्फीची स्पर्धा होती. या सगळ्यातून खाली खाली जात त्या आण्णाला शोधायच्या. तो सापडायचा एका गोल चकतीत. त्याचे शब्द गेले होते. पायरी, देऊळ, स्मशान, म्हस, सगळं गेलं होतं. चकतीत फक्त एक आकडा, दशांशासकट, आणि त्याखाली हिरव्या रंगात एक शब्द: स्थिर. मजकूर लिहायची सोय होती, पण लिहिलेलं आधी कंपनीकडे तपासायला जाई आणि त्यांना वाटलं तर मग दिसे.

"आण्णाला डबीत घातलंय बगा," काकी म्हणाल्या.

त्यांच्या सांगण्यावरून मी कंपनीला तीन वेळा लिहिलं. पहिल्यांदा विचारलं की जुन्यासारखं शब्दांत दिसेल का. दुसऱ्यांदा विचारलं की कुठल्या वेळेला कोण लिहायचं राहिलं ते कळेल का, कारण आमचं सगळं त्याच्यावर आहे. तिसऱ्यांदा आण्णाचा फोन नंबर मागितला. नंबर काकींनी कधी घेतलाच नव्हता. "रोज बोलतोय की, नंबर कशाला? आणि परक्या पुरुषाचा नंबर बाईमाणसानं कसा मागायचा?" असं त्या म्हणत. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. नंबराच्या बाबतीत गोपनीयतेची एक ओळ जास्त होती. काकींनी ते उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "मोलाचा म्हणत्यात आणि घीत न्हाईत. असलं गिऱ्हाईक मी दारात उभं करत न्हाय."

त्या सालचा पाऊस जोरात लागला तेव्हा पहिल्यांदा मला त्या चकतीची भीती वाटली. मी ऑफिसातून येताना दळण घ्यायला गेलो. बाहेर धो धो चाललं होतं. आण्णाचा आकडा सकाळी जो होता तोच दुपारी आणि तोच संध्याकाळी, दशांशापर्यंत तोच. इतक्या पावसात नदी दशांशाला धरून बसत नाही. मी काकींना सांगितलं, "हे आत्ताचं माप नाही. हे जुनंच पुढे ओढलंय. नवीन आलं नाही तर ते जुनंच दाखवतात आणि वर स्थिर लिहितात."

काकींनी पिठाचा डबा खाली ठेवला. "म्हंजे आण्णा गप हाय?"

"गप्प असेल. किंवा त्याने लिहिलेलं तपासणीत अडकलं असेल. दोन्हीला चकती सारखीच दिसते."

त्यांनी पुढे ऐकलं नाही. दारात जाऊन ओरडल्या, "आण्णा गप झाला ओ! आवरा!" गल्लीने फोन काढले. सगळीकडे हिरवं. तरी काकींच्या शब्दाखातर चार गडी आले. काकांना कॉटसकट उचलून, वर प्लास्टिक धरून, भर पावसात चढावर नेलं. मंगल कार्यालयात कुणाचा तरी साखरपुडा चालला होता. कॉट आत आली तशी सनई थांबली. जरीच्या साडीतली एक बाई दबक्या आवाजात माझ्या बायकोला विचारत होती, "कोण वारलं काय?" काकांच्या कानांवर ते गेलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

पाणी आलं नाही. पावसाने उघडीप दिली. दुसऱ्या दिवशी चकतीत आण्णाची आदल्या संध्याकाळची अडकलेली ओळ एकदाची उमटली, छोट्या अक्षरांत. पाणी अजून पायरीलाच. म्हणजे आण्णा गप्प नव्हताच. आम्ही काकांना परत आणलं. बबन एक बाजू धरून चालला होता. त्याच्याने राहवलं नाही, म्हणाला, "काका, फुकटात साखरपुड्याचं जेवान झालं की नाही?" सगळे हसले, काकीसुद्धा. काका हसले नाहीत. कॉट खाली ठेवल्यावर त्यांनी काकींचं मनगट उजव्या हाताने धरलं आणि तोंड वाकडं करून, एकेक अक्षर ढकलत म्हणाले, "वरात काढलीस. परत नगं."

त्यानंतर काकी बदलल्या. फोन बघायच्या, पण बातमी सांगायच्या नाहीत. डबा ठेवला की नुसतं, "जाड का बारीक?" पूर्वी आण्णाची ओळ चुकली की त्यांना काय करायचं ते पक्कं ठाऊक असे. आता तो बोलतोय आणि आपल्याला दिसत नाही, की खरंच गेलाय, हे ठरवायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. "आंधळ्यागत झालंय," एकदा म्हणाल्या. "डोळं हाईत, पन कुणीतरी म्होरं हिरवी काच धरलीया."

श्रावणात पुन्हा पावसाने धरलं. या वेळी वाऱ्याशिवाय, एकसारखा, आवाज न करणारा पाऊस. नाल्याचं पाणी काळसर होतं आणि फुगल्यासारखं जागच्या जागी उभं होतं. त्या दिवशी संध्याकाळी काकींनी मला घरून बोलावून घेतलं. फोन पुढे केला. आकडा कालचाच होता. हिरवा. स्थिर.

"तुमी सांगा अकौंटंट. गप हाय का अडीकलाय?"

"मला नाही सांगता येत," मी म्हणालो. "पण हे आजचं माप नव्हे, एवढं नक्की. हलवूया. मी माणसं गोळा करतो."

त्या आत गेल्या. मी दाराशी उभा होतो. काकी काकांच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाल्या. काकांनी चांगल्या हाताने कॉटचा गज पकडला आणि तो हात सोडेनात. बोट उचलायला गेलं तर दुसरं बोट घट्ट व्हायचं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काकी बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

"सकाळी बगू," म्हणाल्या. "महापालिकेची गाडी बी आली न्हाय अजून. आन् मागच्या बारीला आण्णा अडीकलाच हुता की."

मी म्हणालो, "काकी, उचलू या. रागावले तर रागावू देत."

"नगं. माणसाला किती लाज आणायची? सकाळी."

सकाळी माझी बायको दूध घ्यायला खाली उतरली आणि पायरीवरूनच ओरडली. नाला गल्लीत आला होता. गिरणीपाशी गुडघ्याच्या वर पाणी, मागच्या खोलीत त्याहून जास्त, कारण ती एक पायरी खाली. वीज गेली होती. काकी कॉटच्या उशाशी उभ्या राहून काकांचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून होत्या. किती वेळापासून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बबन, मी आणि गल्लीतले आणखी काही. कॉट उचलता येईना, पाण्यात पाय ठरेना. एकदा डाव्या बाजूच्या गड्याचा पाय घसरला आणि कॉट कलंडली. काका छातीपर्यंत त्या काळ्या पाण्यात गेले. बबनच्या ओळखीने कुणीतरी ट्रकची ट्यूब आणली, तिच्यावरून काकांना नेलं. मंगल कार्यालय त्या दिवशी रिकामं होतं.

मी कार्यालयाच्या ओट्यावर बसून फोन उघडला. आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी होतं तेव्हाही आण्णाची चकती हिरवी होती. वर गोकुळाष्टमीच्या शुभेच्छा होत्या.

काकांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात नेलं, थोडं बरं वाटलं, पुन्हा बिघडलं. गणपती बसायच्या आधी ते गेले.

काकींनी गिरण पुसून, वाळवून, मोटर दुरुस्त करून आणून पुन्हा चालू केली. लोकांना पीठ लागतंच, म्हणाल्या. फोनमधलं निळं त्यांनी काढून टाकलं. कंपनीला त्यांनी कधी शिव्या दिल्या नाहीत, काकांच्या हट्टाबद्दल तर अक्षर नाही. राग होता तो आण्णावर. तोही एकदाच बोलून दाखवला. पीठ भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एवढी सालं जेवलासा का म्हणून इच्यारलं त्याला. एकदा तरी लिवायचं हुतं ओ त्यानं. म्हसरं हलीवली आसतील, आमचं कोण ध्यानात ठिवतंय."

मी डब्याचं झाकण लावलं. मलाही माहीत नव्हतं.

दसरा होऊन गेला. कडक ऊन पडलं होतं. गिरणीत मी होतो, बबन होता. काकी ज्वारी ओतत होत्या. माझा आणि बबनचा फोन एकदमच वाजला. बाहेरही कुणाचा तरी वाजला. निळ्याची सूचना होती: 'आपण अनुसरत असलेल्या सदस्याची नोंद तपासून प्रसिद्ध करण्यात आली आहे.' बबनने नेहमीच्या सवयीने मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली आणि तो मध्येच थांबायला गेला, पण तोवर वाचून झालं होतं.

"आण्णा बंधारा. पाणी रस्त्यावर आलं. म्हसरं सोडली. काकी, काकांस्नी आत्ताच हलवा. सकाळची वाट बघू नका."

काकींच्या हातातला डबा तसाच खाली आला. ज्वारी जमिनीवर पसरली. त्या वळल्या आणि झपझप मागच्या खोलीकडे निघाल्या. उंबऱ्याशी जाऊन थांबल्या. आत कॉट नव्हती, ती त्यांनीच भंगारात दिली होती. भिंतीवर पाण्याची रेघ होती. त्या तिथे दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. इकडे गिरण रिकामीच फिरत होती. बबनने बटण बंद केलं.

मग त्या मागे फिरल्या. चेहरा रडका नव्हता. "दिवस कुठला हाय त्यो?" त्यांनी विचारलं.

मी नोंदीखालची बारीक अक्षरं बघितली. "आपण हलवू का नको म्हणत होतो, तोच दिवस. दुपारीच लिहिलंय त्याने."

"लिवलं हुतं," त्या म्हणाल्या. बबनकडे वळून पुन्हा म्हणाल्या, "लिवलं हुतं की रं त्यानं. आण्णा गप न्हवता." आणि खाली बसून ज्वारी गोळा करायला लागल्या. बबनही बसला. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "त्यानंतर काय लिवलंय का त्यानं? बरा हाय का त्यो?"

मी आण्णाची चकती उघडली. तोच आकडा होता. हिरवा. स्थिर. त्या नोंदीच्या नंतरचं काहीही नव्हतं. त्याचं बाकीचं तपासणीत होतं की त्याने लिहिलंच नव्हतं, की लिहायला तोच राहिला नव्हता, यातलं काय ते मला सांगता आलं नाही.

"एक काम करा," काकी म्हणाल्या. "तुमच्या फोनवरनं लिवा त्याला. पोचलं म्हणावं. काकांचं काय लिवू नका, उगंच त्याच्या जिवाला लागंल. नुसतं पोचलं म्हणावं. आन् तुमी कसं हाईसा, इच्यारा."

दिवाळीनंतर त्या गिरण विकून मुरगूडला बहिणीकडे राहायला गेल्या. गिरणीच्या जागेत आता मोटरसायकली लावतात. गल्लीत अजून सगळ्यांच्या फोनवर ते निळं आहे, आणि पाऊस लागला की लोक चकती बघून निवांत झोपतात. मी सांगून बघितलं. हिरवं आहे की, म्हणतात.

ज्वारी सांडली त्या दुपारी मी काकींनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं. शेवटी 'जेवलासा का' हेही त्यांच्या वतीने घातलं, आणि बटण दाबलं. चाक फिरलं. मग पान निळं झालं आणि मधोमध अक्षरं आली: आपली नोंद तपासणीसाठी पाठवण्यात आली आहे.

"गेलं का?" काकींनी विचारलं. त्यांची ओंजळ ज्वारीने भरलेली होती.

मी फोन खिशात घातला. "गेलं," म्हणालो.